लाइट आली की दाबायचं बटण

लखनौत राहणाऱ्या आम्हा मराठी शास्त्रज्ञांची एक पक्की समजूत होती. पासवर्ड मराठी ठेवला की झालं, इथे तो कुणाच्या बापाला ओळखता येणार नाही. बाकीची मंडळी बायकोचं नाव, मुलाचा वाढदिवस, हनुमानजी असले पासवर्ड ठेवायची आणि आम्ही त्यांना मनातल्या मनात हसायचो. जानकीपुरम एक्सटेन्शनमधल्या आमच्या औषध संशोधनाच्या कॅम्पसमध्ये मराठी माणसं होतीच किती? माझ्या मजल्यावर तर मी आणि शेजारच्या खोलीतले एक सहकारी, बस. त्यांच्यासमोर एकदा चहा पिताना मी बढाई मारली होती, की माझा पासवर्ड म्हणजे माझ्या मावशीच्या हातचा पदार्थ आहे, तो खाल्लेलं माणूस या शहरात सापडायचं नाही. ते म्हणाले होते, माझाही खाण्याचाच आहे. दोघंही हसलो होतो. पुढे ते हसणं माझ्या डोक्यात किडा होऊन बसलं.

पदार्थ होता घारगे. लाल भोपळ्याचे, गुळातले. मावशी घारगे करायची तेव्हा आई तिच्या शेजारी पाट ओढून बसायची आणि दोघी बहिणी थापता थापता अखंड बोलायच्या. घारगे तळून संपायचे, बोलणं संपायचं नाही. आई साताऱ्यात दिलेली, मावशी पुण्यात. एसटीत बसलं की जेवायच्या वेळेला गाठ. मग माझे वडील गेले आणि मी आईला उचलून लखनौला आणलं. उचलूनच म्हणायचं. तिला विचारलं होतं, पण एकुलत्या एक आणि बिनलग्नाच्या मुलीने "येतेस ना?" म्हटल्यावर आई दुसरं काय म्हणणार होती?

आई इथे कधी रुजली नाही. भाजीवाल्याला ती "भैया, ये वांगी कैसा दिया" विचारायची आणि तो बिचारा तिचं बोट जिकडे वळेल ते तोलायचा. शेजारणी प्रेमळ होत्या, आंटीजी, आंटीजी करत घरात यायच्या. पण मराठी बोलायला दिवसभर कुणी नाही. मी संध्याकाळी घरी यायचे ती ऑफिसची हिंदी तोंडात घेऊनच. ती काही सांगायला लागली की मी "अच्छा", "हाँ हाँ" करायचे. एकदा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तूपण भैयाच झालीस गं." मी हसले, पण ते लागलं.

त्यात मावशीचे कान गेले. थोडंथोडं नाही, पूर्ण गेले. फोन निरुपयोगी झाला. आई रिसीव्हरमध्ये ओरडायची, पलीकडून मावशी स्वतःचंच बोलत राहायची आणि शेवटी दोघी रडकुंडीला येऊन फोन ठेवायच्या. तेव्हा मावशीच्या सुनेने तोडगा काढला. मावशी सांगेल ते ती कॉम्प्युटरवर मराठीत टाइप करून मला मेलने पाठवायची. मेल यायचा माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर, कारण मी साऱ्या जगाला तेवढा एकच पत्ता दिलेला होता. उत्तर आई कागदावर लिहायची, मी ऑफिसात नेऊन स्कॅन करून पाठवायचे.

पण मी मेल छापून घरी आणेपर्यंत आईला धीर नसायचा. मग मी माझी हुशारी चालवली. घरी एक जुना कॉम्प्युटर होता. त्याच्यावर मी एक छोटा प्रोग्रॅम बसवला. मशीन सुरू झालं की तो कुणाला न दिसता मागे चालू राहायचा, दर दोन मिनिटांनी ऑफिसच्या सर्व्हरचं दार वाजवायचा, पासवर्ड सांगायचा आणि नवीन टपाल असेल ते घरी आणून ठेवायचा. त्यातली मावशीची पत्रं आपोआप वेगळी होऊन मोठ्या अक्षरांत आईसमोर यायची.

प्रश्न एकच होता, पासवर्डचा. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की पासवर्ड फाइलमध्ये उघडा लिहून ठेवू नका. दर वेळी विचारू द्या, नाहीतर कुलपात ठेवा आणि त्या कुलपाची किल्ली मशीन सुरू करताना स्वतः टाइप करा. आईला इंग्रजी कीबोर्ड म्हणजे मुंग्यांचं वारूळ. दर वेळी ती काय टाइप करणार? मी सरळ फाइल उघडली आणि त्यात लिहून टाकलं, घारगे, पुढे एक आकडा. जानकीपुरमच्या आमच्या घरात येऊन ही फाइल वाचणार कोण, धोबी? आईला मी एवढंच शिकवलं: हे बटण दाब आणि स्वस्थ बस.

तिने ते व्रतासारखं पाळलं. सकाळी पूजा झाली की बटण. खंडेनवमीला माझ्या वडिलांच्या जुन्या पक्कड-पान्ह्यांबरोबर त्या मशीनलाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. लखनौची लाइट म्हणजे आज आहे उद्या नाही. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. त्यामुळे लाइट गेली की मशीन बंद आणि आली की आई हातातलं टाकून धावायची. कणकेचे हात असतील तर कोपराने बटण दाबायची. मी घरी असले तर ओरडायची, "लाइट आली गं!" आणि तिची पावलं मशीनकडे.

अशी तीनेक वर्षं गेली. दरम्यान मी पुण्याच्या लॅबमध्ये बदलीसाठी अर्ज करत होते. दर वर्षी अर्ज, दर वर्षी "जागा नाही." मला लखनौचा कंटाळा होता असं नाही, माझं काम इथे चांगलं चाललं होतं. पण आई सत्तरीच्या पुढे, मावशी तिच्याहून मोठी. दोघींना एका गावात आणून ठेवायचं, रोज संध्याकाळी रिक्षा करून आईला मावशीकडे सोडायचं, एवढंच मला हवं होतं. कान गेले तरी समोरासमोर बसल्यावर बहिणींना काय कानांची गरज पडते? आई तोंडाने काही म्हणायची नाही. फक्त माझा अर्ज गेला की महिनाभर गोड खायचं सोडायची.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट, मे महिना. पुण्याच्या लॅबमधल्या एका मैत्रिणीचा फोन आला. जागा निघालीय, तुझं नाव पहिलं आहे, दिल्लीच्या मुख्यालयातून संमती विचारणारा मेल तुला निघालाय, पंधरा दिवसांत "हो" कळव, नाहीतर यादीतल्या पुढच्याला विचारतील. पुढचा कोण, तेही तिने सांगितलं. माझ्या शेजारच्या खोलीतले सहकारी.

त्याच आठवड्यात आमच्याकडे नवीन फर्मान निघालं होतं. मेलचा सर्व्हर आता दिल्लीत, सगळ्यांनी जुने पासवर्ड बदलायचे, आणि कुणी लागोपाठ चुकीचा पासवर्ड टाकला तर खातं तासाभरासाठी आपोआप बंद. मी आज्ञाधारकपणे पासवर्ड बदलला. या वेळीही मराठी आणि खाण्याचाच. वर्षानुवर्षं कुणी बदलायला सांगितलं नव्हतं, त्यामुळे घरच्या त्या फाइलमध्ये जुने घारगे तसेच पडलेत हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी मेल उघडायला गेले तर खातं बंद.

आधी वाटलं, माझाच हात चुकला. कॉम्प्युटर सेक्शनला गेले. तिथले प्रमुख म्हणजे जुन्या लखनवी वळणाचे गृहस्थ, माणसाला बसवल्याशिवाय बोलायचे नाहीत. त्यांनी खातं उघडून दिलं, मी माझ्या इमारतीत परत येईतो ते पुन्हा बंद. परत गेले. परत उघडलं. परत बंद. त्या उन्हात मी दोन इमारतींच्या मध्ये येरझाऱ्या घालत होते आणि माळी माझ्याकडे बघत होता. एकदा मी त्यांच्याच मशीनवर बसून मेल उघडला. यादी दिसली. त्यात मुख्यालयाचं नावसुद्धा दिसलं, ठळक अक्षरात, न वाचलेलं. मी त्याच्यावर क्लिक केलं आणि पान पांढरं झालं. पुन्हा लॉगिन करा. मी त्या माणसासमोर टेबलावर मूठ आपटली. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. पुढे रोज हाच खेळ झाला, यादीच्या पलीकडे मी एकदाही पोचले नाही.

दिल्लीला फोन लावले. तिथल्या बाबूने सांगितलं, मेल भेजा जा चुका है, देख लीजिए. मी म्हटलं, माझं खातं उघडत नाही, दुसऱ्या पत्त्यावर पाठवा. दुसऱ्यावर चालत नाही. फॅक्स करा. आता कागद बंद झालाय. मी तोंडी हो म्हणते. तोंडी चालत नाही, उत्तर ऑफिसच्या खात्यातूनच आलं पाहिजे. मी रडले फोनवर, खरंच रडले, वय वर्षं अठ्ठेचाळीस असताना. ते म्हणाले, मैडम, आप पढ़ी-लिखी हैं, अपना मेल तो सँभालिए. खात्याचं कुलूप काही दिवसांसाठी काढा म्हणून कॉम्प्युटर सेक्शनकडून पत्र लिहून घेतलं, तेही दिल्लीला जाऊन कुठल्याशा टेबलावर झोपलं.

प्रमुखांनी मग सर्व्हरची नोंद बघून मला सांगितलं की कुणीतरी बाहेरून माझं खातं उघडायचा प्रयत्न करतंय. सतत, दर दोन मिनिटांनी, लागोपाठ. लखनौमधूनच. कुठल्या घरातून ते कळायला पोलिसांत तक्रार करावी लागेल, कारण टेलिफोनवाले तसं सांगत नाहीत. ते हळूच म्हणाले, "मैडम, कोई है जो चाहता है कि आप यह डाक न पढ़ें."

मला वेगळं सांगायला नकोच होतं. मराठी पासवर्ड ओळखायला मराठी माणूस लागतो, आणि यादीत दुसरं नाव कुणाचं ते मला ठाऊक होतं. माझाही खाण्याचाच आहे, म्हणाले होते. म्हणजे बसले असतील घरी कुणाला तरी कामाला लावून, पुरणपोळीपासून साबुदाण्यापर्यंत एकेक पदार्थ टाकत. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. कॉरिडॉरमध्ये ते "काय म्हणताय?" म्हणायचे, मी भिंतीकडे बघत पुढे जायचे. माझा स्वभाव मुळातच तिखट, त्या दिवसांत तर मी नुसती फोडणी झाले होते.

घरी मी जेवत नव्हते, धड बोलत नव्हते. बदलीचं मी आईला सांगितलं होतं, मेल अडकल्याचंही सांगितलं होतं, पण कुठला मेल, कुठलं खातं, हे तिला काय कळणार? तिने मावशीला लिहिलेला कागद माझ्या पर्समध्ये तसाच घडी होऊन पडला होता. तिने त्याबद्दल विचारलं नाही. मला त्रास नको म्हणून तिने आणखी एक गोष्ट विचारली नाही, ती मला नंतर कळली. मावशीचं पत्र येणं बंद झालं होतं. मशीन चालू, पण पडद्यावर जुनीच पत्रं. माझा प्रोग्रॅम मागच्या मागे रडत होता आणि ते रडणं अशा एका फाइलमध्ये लिहून ठेवत होता जी कुणीच कधी उघडत नसे. आईने शेवटी मावशीच्या सुनेला फोन केला. सून कामाच्या घाईत म्हणाली, मेल केलेत की, वाचा ना. मग आईने मनाशी ठरवलं की आपणच मशीन कमी वेळ लावतो. ती आता दुपारची झोपेनाशी झाली. लाइट सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी जायची, ऑफिसच्या वेळात सहसा नाही, आणि त्या सगळ्या वेळात आई मशीन चालू ठेवून समोर बसून असायची.

पंधरा दिवस संपले. मी मोजत नव्हते असं कसं म्हणू? पण आशा चिवट असते. एखाद-दोन दिवस उशीर झाला तरी विनवणी करता येईल, असं मी धरून चालले होते. त्या सकाळी मी पोलिसांना द्यायची तक्रार लिहिली. संशयित म्हणून शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्यांचं नाव, हुद्दा, घरचा पत्ता, सगळं घातलं. हजरतगंजला गेले. साहेब मीटिंगमध्ये होते, बाकावर बसवलं गेलं. त्या बाकावर बसून मी त्या माणसाची नोकरी जाताना, बायको रडताना, सगळं डोळ्यांसमोर आणलं आणि मला बरं वाटलं. एवढी मी रसातळाला गेले होते.

तेवढ्यात मोबाइल वाजला. कॉम्प्युटर सेक्शनचे प्रमुख होते. सकाळपासून एकही प्रयत्न झालेला नाही, खातं उघडं आहे, लगेच या. मी घड्याळ बघितलं. सहकारी त्या दिवशी रजेवर होते, पुण्याला जाणार होते. या वेळी ते अमौसीच्या विमानतळावर असणार, नाहीतर विमानात. माणूस हवेत आणि प्रयत्न बंद. मला हवा होता तो पुरावा मिळाला. तक्रार पर्समध्ये कोंबली, ऑटो केली, आणि सगळ्या वाटेवर त्या ऑटोवाल्याला जल्दी भैया, जल्दी करत राहिले.

मेल उघडला. पान पांढरं झालं नाही. मुख्यालयाचं पत्र उघडलं, त्यातली शेवटची तारीख आदल्या दिवशीची होती. त्याच्या वर मुख्यालयाचंच दुसरं पत्र, त्या सकाळचं: मुदतीत उत्तर न आल्यामुळे आपली संमती नाही असं समजण्यात येत आहे. दोन ओळी. सही नाही, नाव नाही. मी विनवणीचं उत्तर लिहिलं, पाठवलं, आणि मला माहीत होतं की ते कुणी वाचणार नाही.

मग खाली मावशीची पत्रं दिसली. पहिल्यात कैऱ्यांचं लोणचं, सुनेच्या तक्रारी, सगळं नेहमीचं. दुसऱ्यात पुन्हा तेच लोणचं, तेच शब्द, जणू आधी लिहिलंच नव्हतं, आणि शेवटी सुनेची स्वतःची ओळ: आईंना हल्ली काही लक्षात राहत नाही, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. तिसरं पत्र अगदी छोटं होतं. मावशीने सांगितलं होतं, "माझं विसरायला होतंय. काल नातवाचं नाव आठवेना. तुझं विसरायच्या आत एकदा ये."

मी ती तिन्ही पत्रं छापली आणि घरी निघाले.

आमच्या गल्लीत माणसं घोळक्याने उभी होती. सकाळी ट्रान्सफॉर्मर जळला होता, तेव्हापासून सगळ्या सेक्टरमध्ये लाइट नव्हती. घरात उकडून निघत होतं. आई खिडकीची पट्टी किलकिली करून मशीनसमोर स्टुलावर बसली होती, एका हाताने वर्तमानपत्राचा वारा घेत. मला बघून ती दचकली. मी अवेळी घरी येत नसे. तिने मला पाणी दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. पर्समधली पत्रं बाहेर काढायला माझा हात होईना. कुठलं आधी सांगायचं, पुण्याचं की मावशीचं?

तेवढ्यात पंखा हलला. बाहेर पोरांनी आरडाओरडा केला. आई म्हणाली, "लाइट आली गं," आणि माझ्या हातातला रिकामा ग्लासही न घेता वळून तिने बटण दाबलं. मशीन घरघरलं. पडदा उजळला. ती पुन्हा स्टुलावर बसली, हात मांडीवर, नजर पडद्यावर.

मी कपडे बदलायला आत गेले. थोड्या वेळाने मोबाइल वाजला. प्रमुख म्हणाले, "मैडम, फिर शुरू हो गया."

सहकारी अजून विमानातच होते. मी दारात उभी राहिले आणि आईच्या पाठीकडे बघत राहिले. पातळाचा पदर घामाने पाठीला चिकटलेला. समोर पडदा, पडद्यावर जुनी पत्रं, आणि मागे कुठेतरी माझा प्रोग्रॅम दर दोन मिनिटांनी सर्व्हरच्या दारात उभा राहून हाका मारतोय, घारगे, घारगे, घारगे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर हजरतगंजपर्यंत वळसा घातला होता, संन्याशाला फाशी द्यायला. मी फोनवर एवढंच म्हटलं की मिल गया, आणि जाऊन भिंतीवरचा प्लग उपटला.

आईला मी सांगितलं की मशीन बिघडलंय. मग पत्रं वाचून दाखवली. तिसरं वाचताना मी मध्येच थांबले, तिने कागद माझ्या हातातून घेतला आणि खिडकीशी जाऊन स्वतः वाचला. रडली नाही. म्हणाली, "मला वाटलं, रागावली माझ्यावर." पुण्याच्या जागेचं मी दोन दिवसांनी सांगितलं: दुसऱ्याला मिळाली. ती म्हणाली, बरं. त्या रात्री तिने साखर घातलेला चहा घेतला.

इथेच हे संपलं असतं तर मी म्हटलं असतं, नशीब. पण कॉम्प्युटर सेक्शनचे प्रमुख भला माणूस. रविवारी ते आपण होऊन घरी आले, प्रोग्रॅम नीट बसवून द्यायला. आता तो पासवर्ड लिहून ठेवणार नव्हता, सुरू करताना विचारणार होता. आईने त्यांना पोहे दिले. काम झाल्यावर ते रुमालाने हात पुसत, अगदी मायेने, हसत आईला म्हणाले, "तो अम्माजी, वह चोर आप ही थीं. हम तो पुलिस भेजने वाले थे. बेचारी मैडम की डाक आपने रोक रखी थी."

आई पाहुण्यासमोर हसतात तशी हसली. तिने त्यांना आणखी पोहे वाढले. मला मात्र तिच्याकडे बघवेना, कारण इतक्या वर्षांत आईला हिंदी बोलता आलं नाही तरी समजायला लागलं होतं.

ते गेल्यावर तिने बशा घासल्या, ओटा पुसला, हात कोरडे केले आणि माझ्यासमोर येऊन बसली. तिने विचारलं, "पुण्याचं पत्र त्यातच होतं का गं?"

मी म्हटलं, छे, ती जागा आधीच त्यांना द्यायची ठरली होती, आपलं नाव नुसतं नावाला होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खोटं बोलताना तू डोळे मोठे करतेस. लहानपणापासून." आणि उठून देवघरापाशी गेली.

त्यानंतर मी तिला नवीन पासवर्ड शिकवायचा फार प्रयत्न केला. चारच अक्षरं ठेवली, कीबोर्डवर त्या चार कळांना टिकल्या चिकटवल्या. तिने हात पदराखाली घेतले. म्हणाली, नको, तूच ऑफिसातून छापून आण. मी चिडले, समजावलं, शेवटी ओरडलेसुद्धा, यात तुझी काय चूक, चूक त्या फाइलची, त्या दिल्लीच्या फर्मानाची! ती ऐकून घ्यायची आणि कणीक मळायला लागायची.

सुट्ट्यांचा मोसम, गाडीची तिकिटं वेटिंगवर. जून संपता संपता पुण्याला पोचलो. मावशी पलंगावर बसली होती, स्वच्छ, केस विंचरलेली. तिने आईकडे बघितलं, सुनेला जवळ बोलावलं आणि आपल्याला हळू वाटतं तेवढ्या मोठ्या आवाजात विचारलं, "या बाई कुठल्या?" आई पलंगाच्या कडेला बसली आणि तिने मावशीचा हात हातात घेतला. मावशीने तो परक्या बाईच्या हातात ठेवतात तसा, संकोचून, राहू दिला.

दुसऱ्या दिवशी आईने मावशीच्या स्वयंपाकघरात घारगे केले. एकटीनेच थापले, कुणाशी बोलली नाही. मावशीला बशीत दिले. तिने एक खाल्ला, मग दुसरा, आणि खूश होऊन आईला म्हणाली, "आमची धाकटी अगदी असेच करते. लांब असते ती." आई म्हणाली, "हो का?" ते मावशीला ऐकू गेलं नाही.

मावशी त्याच वर्षी थंडीत गेली. तो मेल मी ऑफिसात वाचला, एका झटक्यात उघडला. खातं तेव्हापासून कधी बंद पडलं नव्हतं. सहकारी पुण्याला रुजू व्हायला निघताना पेढे घेऊन आले होते, मी पेढा घेतला, त्यांच्याकडे बघता आलं नाही. ती तक्रार मी फाडून टाकली होती. त्यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

आम्ही लखनौतच राहिलो. मी नंतर बदलीचा अर्ज केला नाही, कुणासाठी करायचा? आई आणखी काही वर्षं होती. मशीन कोपऱ्यात होतं, खंडेनवमीला त्याला फूल मीच वाहायचे, आई त्या बाजूला यायची नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी लाइट जायची, आम्ही दोघी अंधारात बसून राहायचो, मी खुर्चीत, ती खाली भिंतीला टेकून. मग पंखा हलायचा, फ्रिज घरघरायचा, बाहेर पोरं ओरडायची. आईचे हात मांडीवर एकदम उचलले जायचे आणि ती ते पुन्हा खाली ठेवायची. "लाइट आली," ती म्हणायची, आणि बसून राहायची.